अर्ज स्वेच्छेने मागे घेतला

मार्च लागला की मला शिसारी येते. हळदीची नाही. हळद शिजायला लागली की सांगलीच्या वाऱ्याला ओल्या मातीसारखा, थोडा कडवट, उकळता वास येतो, आणि त्या वासावर तर माझं घर उभं राहिलं. शिसारी येते ती त्याच दिवसांत येणाऱ्या दुसऱ्या हंगामाची. परीक्षेच्या.

माझ्या दुकानासमोर शाळा आहे. सकाळी दहापासून फाटकाशी गर्दी होते. आया पदराने मुलांचे घामेजलेले चेहरे टिपतात, बाप पुन्हा पुन्हा विचारतात, "पेनं दोन घेतलीस न्हवं रं?" फळ्यावर खडूने आकडे लिहिलेले असतात आणि पोरं त्यात आपला आकडा शोधत असतात. पोरांचा मला राग नाही. राग आहे तो फाटकाचा. ठरल्या ठोक्याला शिपाई ते ओढून घेतो, लोखंडावर लोखंड आपटतं, आणि मी गिऱ्हाइकाला जिरं देता देता दुसरंच काहीतरी पुडीत बांधते.

गेल्या आठवड्यात एका संस्थेचे गृहस्थ आले होते. पांढरा शर्ट, हातात वही, बोलणं तुपात तळलेलं. म्हणाले, "आक्का, तुम्ही स्वतःच्या हिमतीवर वर आलात. आमच्या मेळाव्यात दोन शब्द बोला. विषय आहे, शिक्षणाला वयाची अट नसते."

मी म्हटलं, "अट नसते व्हय? मंग आमच्या घरी आली हुती ती कोण हुती?"

ते हसले. त्यांना वाटलं, म्हातारी विनोदी आहे. चहा न देता मी त्यांना घालवून दिलं. त्या दिवसापासून डोकं तापलंय. म्हणून हे लिहिते आहे.

माझ्या यजमानांचं नाव दिनकर. आयुष्यभर ते मी तोंडाने घेतलं नाही, कागदावर घ्यायला हरकत नाही. सत्तरच्या दशकातली गोष्ट. दुष्काळ नुकताच सरला होता आणि हे सांगलीच्या एका कापडगिरणीत मागावर होते. ती गिरणी एके दिवशी बंद पडली. गिरणी बंद पडते म्हणजे आधी भोंगा बंद पडतो. आमच्या सगळ्या गल्लीचं घड्याळ तो भोंगा होता. चूल त्याच्यावर पेटायची, पोरं त्याच्यावर उठायची. भोंगा थांबला तरी हे रोज त्याच वेळेला उठून बसायचे. अंधारात भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून. महिन्याभरात त्यांच्या केसांतला कापसाचा भुगा निघून गेला. तोवर मला तो भुगा धुऊन काढायचा वैताग यायचा. गेला तेव्हा कळलं, की तो भुगा म्हणजे नोकरी होती.

हे एकतीस वर्षांचे होते. मी हळदीच्या बाजारात होते. बाजारात म्हणजे दुकानात नव्हे. मोठे व्यापारी रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबत भाव ठरवायचे, आणि खाली सांडलेली, मोडलेली, कुणाला नको असलेली हळद मी उचलायची. ओली निघाली तर शिजवायची, वाळवायची, कांडायची, दारोदार विकायची. रुमालाखाली बाईच्या हाताला जागा नव्हती. बाईचं हत्यार म्हणजे पाय. भाव पटला नाही की पदर खोचायचा, टोपली उचलायची आणि चालू लागायचं. मागे बघायचं नाही. सातव्या-आठव्या पावलाला हाक येते, "आवं बाई, या की माघारी, तुमचंच खरं!" दहाव्यापर्यंत नक्की येते. हे मला कुणी शिकवलं नाही, माझ्या पायांनी शिकून घेतलं. पुढे दुकान झालं, गाळा झाला, ते सगळं या दहा पावलांवर झालं.

तर नोकऱ्यांच्या कचेरीत हे नाव घालायला गेले. तिथल्या माणसाने कार्ड करून दिलं आणि सांगितलं, मॅट्रिक असता तर कंडक्टर, कारकून, कशालाही नाव पाठवलं असतं. तेव्हा मॅट्रिक म्हणजे अकरावी; हे जुन्या अकरावीतले, दहावी पास होऊन अकरावीच्या वर्गात गेलेले, आणि वर्षाच्या मध्यात वडील गेले म्हणून शाळा सोडलेली. म्हणजे एकच परीक्षा राहिली होती. घरी येऊन मला म्हणाले, "बाहेरनं फॉरम भरता येतो म्हणं. भरू का?" असं विचारत होते, जसं काही माझ्याकडे पानसुपारी मागताहेत.

मी म्हटलं, "ह्यात इचारायचं काय? भरा की!"

भरा की! एवढं सोपं वाटलं होतं मला.

आधी शाळा सोडल्याचा दाखला हवा. शाळा रहिमतपूरच्या बाजूला, आमच्या सासरच्या गावाजवळ. हे गाडीने गेले. कारकुनाने जुनं रजिस्टर काढलं, नाव सापडलं, आणि अर्जाचा कागद पुढे केला. खाली लिहिलेलं होतं, पालकाची सही. ह्यांनी सांगितलं, वडील वारले, मी स्वतः दोन पोरांचा बाप आहे. कारकून म्हणाला, "ते तुमचं खासगी. कागदावर पालक लागतो." मग थोरल्या दिरांना पत्र घातलं. ते पलटणीत हवालदार, कुठल्या तरी बर्फाच्या डोंगरात. कागद तिथे गेला, सही होऊन परत आला, त्यात दिवाळी तोंडावर आली. सहीसोबत चिठ्ठी होती, "नीट अभ्यास कर. सुट्टीवर आलो आणि खेळताना दिसलास तर तंगडं मोडीन." आम्ही दोघं पोट धरून हसलो. हसून झाल्यावर ह्यांनी चिठ्ठी घडी घालून पाकिटात ठेवली, आणि मला एकदम रडू आलं. एकतीस वर्षांच्या माणसाला कुणीतरी अभ्यास कर म्हटलं होतं, आणि ते गमतीने म्हणावं लागलं होतं.

पुस्तकं मिळेनात. नवा अभ्यासक्रम आला होता. दुकानदार म्हणे, जुनी अकरावी आता संपलीच, कोण ठेवतो ती पुस्तकं. मिरजेच्या एका रद्दीवाल्याकडे मी गेले, त्याच्याशी अर्धा दिवस भांडले आणि बीजगणित, भूमिती आणि अर्धं मराठी घेऊन आले. अर्धं, कारण उरलेलं अर्धं त्याने भजीवाल्याला पुड्या बांधायला विकलं होतं.

शिकवणीच्या मास्तरांनी ह्यांना मागच्या बाकावर बसू दिलं. बाक लहान. गुडघे फळीखाली मावत नसत, म्हणून एका अंगावर वाकून बसायचे, चालत्या बैलगाडीत बसल्यासारखे. आठवड्याने मास्तर घरी आले. वयाने ह्यांच्यापेक्षा लहान, दारातच उभे राहिले. "दिनकरराव, आईबाप तक्रार करतात हो. वर्गात मुली आहेत. एवढा बाप्या माणूस कशाला बसवता म्हणतात." ह्यांनी त्यांनाच पाणी दिलं आणि म्हणाले, "बरोबर हाय मास्तर त्येंचं." काय बरोबर होतं त्यात? मी आतून ओरडणार होते, ह्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्यानंतर हे शिकवणीच्या खिडकीबाहेर, निंबाखाली उभे राहून ऐकायचे. रस्त्याने जाणारे म्हणायचे, "काय गड्या दिनकर, पोराला न्यायला आलास व्हय?"

"व्हय," म्हणायचे हे.

'रिकामा' हा शब्द मला त्या वर्षी नीट कळला. घागर रिकामी असली तर कुणी तिच्यावर संशय घेत नाही. माणूस रिकामा झाला की त्याच्या बसण्यावर, उभं राहण्यावर, चहा पिण्यावर लोकांची नजर. आणि त्याने पुस्तक हातात धरलं तर मग बघायलाच नको. जसं काही त्याने चोरलंय. मला त्या नजरांची आजही किळस येते. आमच्याच गल्लीतल्या होत्या त्या, माझ्याकडून हळद घेणाऱ्या.

मार्गशीर्षात थंडी पडली आणि सांगलीतल्या शाळेमार्फत बोर्डाला फॉर्म द्यायचे शेवटचे दिवस आले. ह्यांना भांडता येत नाही म्हणून मी बरोबर गेले. इथे सांगून ठेवते, ते मला नको म्हणाले होते. "मी एकटा जातो, तू हळद बघ," म्हणाले होते. मी ऐकलं नाही.

हेडमास्तरांची खोली स्वच्छ होती. भिंतीवर नकाशे, टेबलावर काच, काचेखाली कसलेकसले पास-नापासाचे तक्ते. त्यांनी ह्यांचे कागद एकेक करून पाहिले. दाखला ठीक. पालकाची सही ठीक. फोटो ठीक. मग विचारलं, "चारित्र्याचा दाखला?"

हे म्हणाले, "कुणाचा आणायचा सर?"

"सध्या काय करता?"

"काय न्हाई. गिरणी बंद पडली."

"म्हणजे रिकामे आहात." हेडमास्तरांनी चष्मा काढला. "अडचण अशी आहे. नोकरीवाल्याला त्याचा साहेब दाखला देतो. शाळेतल्या मुलाला आम्ही देतो. तुम्ही दोन्हीत बसत नाही."

मी म्हटलं, "मंग दोनीत न बसणाऱ्यानं काय करायचं? इहिरीत उडी टाकायची?"

"बाई, तुम्ही बाहेर बसता का? उमेदवार हे आहेत."

"उमेदवार गरीब हाय म्हणून तर मी आलीया."

"गिरणीच्या मॅनेजरचं पत्र आणा. हा माणूस वर्तणुकीने चांगला होता, असं."

"गिरणीला कुलूप हाय, सर. म्यानेजर मुंबईला गेला. कुलपाची सही चालंल का?"

हे माझा पदर ओढत होते. मी कशाला थांबते? मला समोर हेडमास्तर दिसतच नव्हते, मला समोर एक भाव अडवून बसलेला व्यापारी दिसत होता. नोकरी मिळवायला मॅट्रिक पाहिजे, आणि मॅट्रिकला बसायला नोकरी देणाऱ्याचं पत्र पाहिजे. असला माल मी बाजारात उचलून फेकला असता. मी एकेक नाव पुढे टाकत गेले. मिरजेचे डॉक्टर? मी त्यांच्या घरी हळद घालते. सरपंच? पलटणीतल्या दिरांचे साहेब? हेडमास्तर प्रत्येकात काहीतरी खोट काढत गेले. शेवटी त्यांनी कागद एकत्र केले, त्यांवर हात ठेवला आणि म्हणाले, "ठीक आहे, बघतो. सोमवारी या."

बघतो!

बाजारात समोरचा 'बघतो' म्हणाला, की तो ढिला पडला. तेव्हाच पाय उचलायचा असतो. थांबलात तर तो पुन्हा आवळतो. हे माझ्या हाडांत इतकं भिनलेलं, की डोक्याला विचारायला वेळच लागला नाही. मी त्यांच्या हाताखालून कागद ओढले. "ठेवा तुमची शाळा तुमच्यापाशी! सांगलीत काय एकच शाळा हाय? लय हायत!" म्हटलं, आणि ह्यांच्या दंडाला धरून निघाले.

ह्यांनी एकदा हेडमास्तरांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. चारचौघांत मला कधी एकटी पाडत नसत. आले माझ्या मागे.

व्हरांडा थंड होता. कुठल्या तरी वर्गात पोरं पाढे म्हणत होती. मी पावलं मोजली नाहीत असं म्हटलं तर खोटं होईल. सातवं झालं, आठवं झालं. दहाव्याला व्हरांडा संपला. पायऱ्या. मग मैदान, त्याची बारीक लाल माती, मग फाटक. फाटकाशी मी वाकून चपलेचा अंगठा नीट करायला लागले. अंगठ्याला काही झालेलं नव्हतं.

हे शांतपणे म्हणाले, "अगं, ते हाक मारत न्हाईत."

"मारत्यात. थांबा."

"सोमवारी घेणार हुते ते. 'बघतो' म्हंजी घेतो, असं बोलत्यात ती माणसं."

मी वाकलेलीच राहिले. 

सोमवारी मी एकटी गेले. हेडमास्तर अगदी सभ्यपणे बोलले, शिपायाला माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं. त्या पाण्याची मला अजून शिसारी येते. चिडले असते, हाकलून दिलं असतं, तर मी रडून, पाया पडून काहीतरी मिळवलं असतं. चिडलेल्या माणसाशी सौदा होतो. सभ्य माणसाशी कसा करायचा? त्यांनी कारकुनाला रजिस्टर आणायला सांगितलं. कारकुनाने ओळीखाली बोट फिरवत वाचून दाखवलं, "अर्जदाराने अर्ज स्वेच्छेने मागे घेतला." शनिवारी यादी वर बोर्डाकडे गेली होती.

"आवं, पण मी रागात नेला! ह्येंची कुटं इच्छा हुती?"

"बाई, रागाचा रकाना रजिस्टरात नसतो," कारकून म्हणाला. चांगला माणूस असावा, जरा खाली बघून म्हणाला.

बाकी शाळा मी पायाखाली घातल्या. सांगली, मिरज, पार आटपाडीपर्यंत ओळखी काढल्या. सगळीकडे एकच, तारीख गेली. आणि जुन्या अकरावीची आमच्या लेखी ती शेवटचीच खेप. पुढच्या वर्षापासून सगळं नव्याने, नवं गणित, नवं विज्ञान, मुळापासून. त्यासाठी खिडकीबाहेर आणखी किती वर्षं उभं राहायचं?

इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगते ती हेडमास्तरांच्या नावाने बोटं मोडत. आजही त्यातलं गुंजभर कमी करणार नाही. शहाण्या माणसाने समोरच्याच्या डोळ्यांत पाणी बघितलं असतं, कागद परत मागितले असते. एक हाक मारायला काय लागतं? पण हेही खरं, की ह्यांची अकरावी ज्या हातांनी टेबलावरून उचलली ते हात माझे होते. दोन्ही गोष्टी खऱ्या. एकीने दुसरी फिटत नाही. हे कधी एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मी भांडायला तयार होते, वर्षानुवर्षं तयार होते. पुढे हे हळदीच्या वखारीत पोती तोलणारे तोलार झाले, मग माझ्याबरोबर दुकानात बसले. गिऱ्हाइकांना ते फार आवडायचे.

त्या मार्चात, परीक्षेच्या तिसऱ्या का चौथ्या दिवशी, दुपारी, शेजारच्या शांताक्काची मुलगी पेपर देऊन आली. ती त्याच जुन्या अकरावीला बसलेली, शहाणी पोरगी. ह्यांनी दारात जाऊन विचारलं, "बाळ, बीजगणिताचा कागद जरा देतीस का? सांजच्याला आणून देतो." तिने दिला. मी अंगणात कढईशी होते, हळदीची वाफ डोळ्यांत जात होती. हे आत गेले. पोरांच्या वहीतले मधले कागद काढले, पट्टीने समास आखला, वरच्या कोपऱ्यात बैठक क्रमांकासाठी चौकट केली आणि ती मोकळी ठेवली. ट्रंकेवर गजराचं घड्याळ ठेवलं. मला हाक मारली.

"तीन तास झालं की सांग."

"कशाला आवं हे? कोण तपासणार हाय?"

"तू सांग, बास."

तीन तास मी घरात पाय वाजू दिला नाही. पोरांना शांताक्काकडे धाडलं. दारातून येणारं ऊन ट्रंकेवरून सरकत भिंतीवर गेलं. ते खाली वाकून लिहीत होते, मधेच ओठ हलत, मधेच डावा हात हवेत काहीतरी मांडायचा आणि पुसायचा. लग्न झाल्यापासून मी त्यांना इतकं खूश कधी बघितलं नव्हतं, मागावरही नाही, आणि ते बघवत नव्हतं.

घड्याळात तीन तास भरले. हे शेवटच्या गणितात होते. मी बघितलं, दोन-तीन ओळींचंच काम उरलं होतं. मी वेळ सांगितली नाही. त्यांनी मान वर न करता विचारलं, "झाली का वेळ?"

"लिवा तुमी. अजून हाय थोडी."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. पेन खाली ठेवलं.

"आवं, पुरं करा की! दोन ओळी तर ऱ्हायल्यात. अर्धा तास घ्या, कोण हाय हितं बघायला?"

"वेळ झाली," म्हणाले. मग कागदांचा गठ्ठा सारखा करून, उलटा ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आधी हात धुऊन ये. मंग घे."

मी मोरीवर गेले. हळद साबणाने जात नाही हे मला ठाऊक होतं, तरी दोनदा लावला, दगडावर घासले, कातडी लाल होईस्तोवर घासले. वेळ मुद्दाम लावला. वाटलं, तेवढ्यात ते दोन ओळी लिहून टाकतील, आणि मी बघितलं नाही असं म्हणेन.

परत आले. ते तसेच बसले होते, हात मांडीवर ठेवून. पेनाला टोपण लावलेलं होतं. मी कागद उचलले, उलटून बघितले. शेवटचं गणित होतं तिथेच थांबलेलं होतं.